समुद्रातला बांध

आजोळच्या आगरात लवंगेचं एक झाड आहे. एकच. नारळ-पोफळींच्या सावलीत, पाटाच्या कडेला आणि, सगळी गोम इथेच आहे, गडग्याला अगदी खेटून. गडग्याच्या अलीकडे धाकट्या मामाचं आगर, पलीकडे चुलतमामांचं. झाड कुणी लावलं याच्या दोन घरांत दोन कथा आहेत. दोन्हींत लावणारे आजोबाच, फक्त आजोबा वेगळे.

यंदा फेब्रुवारीत हद्द कायमची मोजणी लागली तेव्हा मी योगायोगानं तिथे होते. मोजणीदारानं तिपाईवर यंत्र चढवलं, जुन्या टिपणाची घडी उलगडली. दोन्ही मामा त्याच्या दोन अंगांना उभे, एकमेकांकडे न बघता. मामीनं दोघांनाही एकाच तांब्यातलं कोकम सरबत ओतून दिलं. उन्हं डोक्यावर आली तेव्हा मोजणीदार म्हणाला, "जुनी खूण सापडत नाही. आता कुठला दगड धरायचा, त्यावर आहे. हा धरला तर रेघ अशी जाते. तो धरला तर अशी." त्यानं हवेत हातानं दोन रेघा ओढल्या. एक झाडाच्या अलीकडून गेली, एक पलीकडून.

मला हसू फुटलं आणि ते दोन्ही मामांना आवडलं नाही. पण मला त्या क्षणी १५२४ साल आठवलं होतं. स्पेन आणि पोर्तुगालच्या सीमेवरची एक चिमुकली नदी, तिच्यावरचा पूल आणि त्यावर जमलेले दोन राज्यांचे नकाशेवाले, खलाशी, वकील. तेही लवंगेवरूनच भांडत होते आणि त्यांचंही घोडं तिथेच अडलं होतं: मोजायला सुरुवात कुठल्या दगडापासून करायची?

शाळेत आपल्याला कोलंबस एका धड्यात भेटतो आणि वास्को द गामा दुसऱ्या. एक चुकून अमेरिकेला पोचतो, दुसरा बरोबर कालिकतला. हे दोन धडे म्हणजे एकाच भांडणाच्या दोन बाजू आहेत, हे मला फार उशिरा कळलं. आणि भांडण तरी कसलं? शत्रूंचं म्हणावं तर दोन्ही राजघराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी. माणसं इकडची तिकडे, तिकडची इकडे. आपल्याकडे याला एक नेमका शब्द आहे, भाऊबंदकी.

कोलंबसाचंच घ्या. मूळचा जिनोव्हाचा हा माणूस बरीच वर्षं लिस्बनमध्ये राहिला, बायको पोर्तुगीज केली, आणि पश्चिमेकडून आशियाला जायची आपली योजना पहिल्यांदा मांडली ती पोर्तुगालच्या राजापुढे, दुसऱ्या जुआंवपुढे. राजाच्या जाणकारांनी सांगितलं की याचा अंतराचा हिशेब चुकलाय. आणि तो खरंच चुकला होता! मध्ये एक अख्खं खंड आडवं आलं म्हणून हा गृहस्थ वाचला, नाहीतर भर समुद्रात उपाशी मेला असता. शिवाय १४८८ मध्ये बार्तोलोमेउ दियाश आफ्रिकेचं दक्षिण टोक ओलांडून आला. पूर्वेची वाट सापडली म्हटल्यावर पोर्तुगालला पश्चिमेच्या जुगाराची गरज उरली नाही. कोलंबस स्पेनच्या दारात गेला.

पुढचा भाग मला नेहमी एखाद्या नाटकातला वाटतो. मार्च १४९३. नव्या बेटांवरून परतणाऱ्या कोलंबसाला वादळानं गाठलं. त्याआधी अझोर्स बेटांवर, वादळातून वाचलो तर अनवाणी देवळात जाऊ असा बोललेला नवस फेडायला गेलेल्या त्याच्या खलाशांना पोर्तुगीजांनी प्रार्थनेतच पकडलं होतं. ते कसेबसे सुटले, तोवर दुसरं वादळ. आणि वाऱ्यानं जहाज आणून सोडलं ते नेमकं लिस्बनला. ज्या राजानं नाही म्हटलं होतं, त्याच्याच दारात. राजानं भेटायला बोलावलं, मानानं बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की स्पेनशी झालेल्या १४७९ च्या तहाप्रमाणे हे सगळं माझंच आहे. याला इथेच भांडणात गुंतवून संपवून टाकू, असं काही दरबाऱ्यांनी सुचवल्याचं पोर्तुगीज बखरींत लिहिलंय. राजानं ऐकलं नाही. कोलंबस स्पेनला पोचला आणि तंटा सुरू झाला.

पोप तेव्हा सहावा अलेक्झांडर, म्हणजे स्पेनच्याच बाजूचा, व्हॅलेन्सियाकडचा. त्यानं अटलांटिकमध्ये उत्तर-दक्षिण रेघ ओढून पश्चिमेचं सगळं स्पेनला देऊन टाकलं. रेघ अझोर्स आणि केप व्हर्दे या बेटांच्या पश्चिमेला १०० लीग, लीग म्हणजे तेव्हाचं अंतराचं माप. (ही दोन बेटसमूहं एका रेषेत नाहीतच, पण तो भाग सोडा.) जुआंवला हे मानवणारं नव्हतं. त्यानं पोपला बाजूला ठेवून सरळ स्पेनशीच बोलणी लावली आणि ७ जून १४९४ रोजी, दुएरो नदीकाठच्या तोर्देसियास नावाच्या गावात, रेघ केप व्हर्देपासून ३७० लीगवर नेऊन ठेवली. रेघेच्या पूर्वेचं पोर्तुगालचं, पश्चिमेचं स्पेनचं. त्या जास्तीच्या २७० लीगांत सहा वर्षांनी ब्राझीलचा पुढे आलेला खांदा सापडला. राजाला तो आधीच ठाऊक होता का, यावर अभ्यासकांत अजून वाद चालतात. माझ्यातल्या कोकणी माणसाला उगाचच वाटतं की त्याला कुणकुण लागलेली असणार. एवढ्या हट्टानं माणूस नुसतं पाणी मागत नाही.

पण करार वाचताना मोजणीचा अनुभव असलेल्या कुणालाही घाम फुटेल. केप व्हर्दे म्हणजे एक बेट नव्हे, दहा बेटं. त्यांतल्या कुठल्या बेटापासून मोजायचं? लिहिलेलं नाही. लीग म्हणजे नक्की केवढा? तेही नाही. दहा महिन्यांच्या आत दोन्ही देशांची जहाजं एकत्र निघतील, त्यांच्यावर दोन्हीकडचे खलाशी आणि ज्योतिषी असतील, आणि ते मिळून रेघेची जागा ठरवतील, असं कलम मात्र होतं. ती जहाजं कधी निघालीच नाहीत.

निघाली असती तरी काय करणार होती म्हणा. किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहोत, ते दुपारच्या सूर्याची किंवा ध्रुवताऱ्याची उंची मोजून कळायचं. किती पूर्वेला किंवा पश्चिमेला आहोत, ते कळायला निघालेल्या बंदरातली वेळ आणि इथली वेळ दोन्ही एकाच क्षणी हाताशी लागतात. हेलकावणाऱ्या जहाजावर बिनचूक चालणारं घड्याळ यायला अठरावं शतक उजाडलं. तोवर वारा किती, पाणी कापायचा वेग किती, वाळूचं घड्याळ कितीदा उलटलं, यावरून अंदाजपंचे दाहोदरसे. म्हणजे जगातल्या दोन सर्वांत मोठ्या दर्यावर्दी सत्तांनी पाण्यात एक बांध घातला होता आणि तो कुठे आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं.

तरी बांध होता आणि त्याची कीर्ती लांबवर पोचली होती. मे १४९८ मध्ये वास्को द गामाची जहाजं कालिकतसमोर नांगरली, तेव्हा त्यानं स्वतः न उतरता आधी एका शिक्षा झालेल्या कैद्याला किनाऱ्यावर पाठवलं. काय व्हायचं ते त्याचं होऊ दे, हा त्यातला हिशेब. तिथे त्याला भेटले ट्युनिसचे दोन मुसलमान व्यापारी. त्यांना स्पेनची भाषा येत होती! त्यांनी स्वागत शिवी हासडून केलं: सैतानानं नेलं तुला, इथे कशाला तडमडलास? आणि मग विचारलं, इथे कॅस्टिलचा म्हणजे स्पेनचा राजा, फ्रान्सचा राजा किंवा व्हेनिसवाले का नाही माणसं पाठवत? कैद्याचं उत्तर त्या सफरीच्या रोजनिशीत आहे: पोर्तुगालचा राजा त्यांना येऊ देत नाही. भारताच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवून दहा मिनिटं झाली नसतील, तोच भाऊबंदकीची गोष्ट निघाली.

आता मॅगेलन. पोर्तुगीज त्याला मगल्यांइश म्हणतात, स्पॅनिश मागायानेस. माणूस एक, पण नावसुद्धा रेघेच्या दोन्ही बाजूंना. तो १५०५ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाच्या आरमारातून हिंदुस्थानात आला. त्या आरमारानं त्या वर्षी कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर किल्ला बांधायला घेतला होता. पुढे १५११ मध्ये मलाक्का बंदर पोर्तुगीजांच्या हाती पडलं, तेव्हाही तो तिथे होता. त्याचा जिवलग दोस्त फ्रान्सिस्को सेर्राँव तिथून आणखी पूर्वेला गेला, जहाज फुटलं, आणि शेवटी तेर्नाते बेटावरच्या सुलतानाचा सल्लागार होऊन तिथेच राहिला. तेर्नाते, तिदोरे आणि शेजारची काही इवलीशी बेटं, म्हणजे आजच्या इंडोनेशियातली मोलुक्का. पाण्यातून वर आलेले ज्वालामुखीचे सुळके. आणि तेव्हा अख्ख्या जगातली लवंग या एवढ्याशा मातीत येत होती.

सेर्राँव तिथून मॅगेलनला पत्रं लिहायचा. पत्रांत बेटांचं अंतर वाढवून सांगितलेलं. मॅगेलन मोरोक्कोच्या लढाईत पायाला जखम घेऊन लंगडत परतला, वर चोरट्या व्यापाराचा आळ. पोर्तुगालचा राजा मानुएल याच्याकडे त्यानं भत्त्यात वाढ मागितली, ती क्षुल्लक होती, राजानं नाकारली. मला राहून राहून वाटतं, त्या दिवशी मानुएलनं चार नाणी वाढवून दिली असती तर? १५१७ मध्ये मॅगेलन सेव्हिलला गेला आणि स्पेनच्या तरुण राजाला, म्हणजे पुढच्या सम्राट पाचव्या चार्ल्सला, म्हणाला, लवंगेची बेटं तुमच्या वाट्याला येतात.

कशी, ते समजायला एक मोसंबं घ्या. सुरी एका बाजूनं घातली की ती पलीकडे कुठेतरी निघणारच. करारात पलीकडच्या बाजूबद्दल अवाक्षर नव्हतं. पण एव्हाना दोघंही पृथ्वीच्या पाठीमागून एकमेकांच्या समोर येऊ लागले होते. अटलांटिकमधल्या रेघेचं दुसरं टोक पूर्वेत कुठे निघतं? आणि यात एक गंमत होती. जुआंवनं १४९४ मध्ये अटलांटिकची रेघ ओढून-ओढून पश्चिमेला नेली होती. मोसंब्यावर ती जेवढी इकडे ओढाल, तेवढी तिकडे आपल्याच अंगावर येते. ब्राझील मिळवताना मोलुक्का निसटतील अशी तजवीज पोर्तुगालनं आपल्याच हातानं करून ठेवली होती.

पुढची सफर सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून सगळी सांगत नाही. पाच जहाजं, सुमारे अडीचशे माणसं, सप्टेंबर १५१९. निघायच्या आधीच सेव्हिलच्या धक्क्यावर मॅगेलनच्या घराण्याचं निशाण पोर्तुगालच्या राजाचं समजून दंगा झाला. दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडल्या पॅटागोनियाच्या थंडीत स्पॅनिश कप्तानांनी या पोर्तुगीज म्होरक्याविरुद्ध बंड केलं. त्यानं ते रक्त सांडून मोडलं. आणि सामुद्रधुनीत ऐन मोक्याला सर्वांत मोठं जहाज घेऊन पळून गेला तो कोण? एश्तेव्हांव गोमेश नावाचा सुकाणूदार, पोर्तुगीजच. एप्रिल १५२१ मध्ये फिलिपाइन्सच्या माक्तान बेटावर मॅगेलन मारला गेला. त्याच सुमारास तिकडे तेर्नातेत सेर्राँवही मेला. ज्या दोस्ताच्या पत्रांवर एवढा पसारा मांडला, त्याची भेट झालीच नाही.

उरलेले खलाशी नोव्हेंबरमध्ये तिदोरेला पोचले. तेर्नाते आणि तिदोरे ही बेटं समोरासमोर, एकावरून दुसऱ्यावरची माडी दिसावी इतकी जवळ. आणि दोन्ही सुलतानांचं पिढीजात वैर. तेर्नातेवाल्यांनी पोर्तुगीजांना जवळ केलं होतं, त्यामुळे तिदोरेच्या सुलतानानं स्पॅनिशांना मिठी मारली. म्हणजे युरोपातली भाऊबंदकी तिथल्या भाऊबंदकीला जाऊन चिकटली. कोण कुणाला वापरत होतं, हे सांगणं अवघड. दोन जहाजं लवंगांनी भरली. 'त्रिनिदाद' गळायला लागलं, मागं राहिलं आणि शेवटी पोर्तुगीजांच्या हाती पडलं. 'व्हिक्टोरिया' मात्र पोर्तुगीजांच्या वाटेवरूनच, त्यांच्या प्रत्येक बंदराला वळसा घालत, आफ्रिकेला फेरी मारून निघालं. कप्तान हुआन सेबास्तियान एल्कानो.

जुलै १५२२. जहाजावर खायला भात आणि प्यायला पाणी, एवढंच उरलेलं. माणसं मरत होती. नाइलाजानं ते केप व्हर्देला लागले, त्याच बेटांना, जिथून रेघ मोजायची होती. पोर्तुगीजांना थाप मारली की आम्ही अमेरिकेकडून येतोय, डोलकाठी मोडलीय. दोन खेपा तांदूळ मिळाला. किनाऱ्यावर गेलेल्यांनी सहज विचारलं, आज वार कोणता? गुरुवार. जहाजावर तर बुधवार होता. रोजनिशी लिहिणारा इटालियन पिगाफेत्ता चक्रावला, कारण त्यानं एकही दिवस न चुकता नोंद केली होती. सूर्याच्या मागे-मागे जगाला फेरी घालताना त्यांचा एक दिवस समुद्रात विरघळला होता. तिसऱ्या खेपेला घात झाला. कुणीतरी किमतीपोटी लवंगा पुढे केल्या. लवंगा अमेरिकेत होत नाहीत, हे पोर्तुगीजांइतकं कुणाला ठाऊक असणार? होडीतली तेरा माणसं धरली गेली. एल्कानोनं त्यांना तिथेच सोडून शिडं उभारली. ६ सप्टेंबरला स्पेनला पोचलेल्या जहाजावर अठरा माणसं होती आणि सुमारे २६ टन लवंग. त्या एका जहाजाच्या मालानं मोहिमेचा खर्च बहुतेक भरून निघाला. राजानं एल्कानोला मानचिन्ह दिलं: त्यावर दालचिनी, जायफळं आणि बारा लवंगा.

मग बसली ती पंचायत. १५२४ च्या वसंतात, स्पेनचं बादाहोस आणि पोर्तुगालचं एल्व्हास यांच्यामधल्या काया नदीच्या पुलावर पहिली भेट. स्पेनच्या बाजूनं कोलंबसाचा मुलगा, खुद्द एल्कानो, आणि नकाशे काढणारा दिएगो रिबेरो, तोही जन्मानं पोर्तुगीज. वाद पहिल्याच दगडापाशी. स्पेन म्हणे, केप व्हर्देच्या सर्वांत पश्चिमेकडच्या बेटापासून मोजा. पोर्तुगाल म्हणे, पूर्वेकडच्या. म्हणजे तीस वर्षांपूर्वी जे रेघ पश्चिमेला ढकलत होते, तेच आता तिला पूर्वेला खेचत होते, कारण आता लवंगेचं टोक महत्त्वाचं झालं होतं. दोन्ही टोकांच्या बेटांत फरक जेमतेम अडीच अंशांचा. पण आमच्या गडग्यावर तरी फरक किती, दीड हात.

सोळाव्या शतकातल्या एका स्पॅनिश इतिहासकारानं त्या दिवसांतला एक किस्सा नोंदवलाय. पोर्तुगीज प्रतिनिधी नदीकाठानं फेरफटका मारत होते. आईनं धुतलेले कपडे राखत बसलेल्या एका लहान पोरानं त्यांना विचारलं, सम्राटाबरोबर जगाची वाटणी करणारे ते तुम्हीच का? होय म्हटल्यावर पोरानं सदरा वर केला, पाठ फिरवली, आणि म्हणाला, मग रेघ या मधल्या फटीतून काढा. हा किस्सा पुढे दोन्हीकडच्या गावांत हसण्यावारी फिरत राहिला म्हणतात. पंचायत मे अखेरीला काहीच न ठरवता उठली.

निकाल लागला तो नकाशांनी नाही, लग्नांनी आणि कर्जांनी. १५२५ मध्ये पोर्तुगालच्या तिसऱ्या जुआंवनं सम्राट पाचव्या चार्ल्सची बहीण केली, १५२६ मध्ये चार्ल्सनं जुआंवची बहीण केली. शुद्ध मराठीत, साटंलोटं. आणि फ्रान्सशी लढता-लढता चार्ल्सच्या तिजोरीत खडखडाट झाला होता. एप्रिल १५२९ मध्ये सारागोसाला मेहुण्या-मेहुण्यांत खरेदीखत झालं. ३,५०,००० दुकात, म्हणजे सोन्याची नाणी, घेऊन चार्ल्सनं मोलुक्कांवरचा हक्क पोर्तुगालला विकला. पैसे परत केले तर हक्क परत, अशी अटही होती. म्हणजे विक्री कसली, गहाणच. त्याच वर्षीच्या रिबेरोच्या नकाशावर मोलुक्का स्पेनच्या हद्दीत साडेसात अंश आत दाखवलीयत. पोर्तुगालची साडेसातीच. कारण आजचं मोजमाप सांगतं की ती बेटं मुळातच पोर्तुगालच्या बाजूला होती, पाच-सहा अंशांनी. आपलंच घर त्यांनी पैसे मोजून विकत घेतलं.

तेर्नातेच्या सुलतानाला या व्यवहाराबद्दल कुणी विचारलं नाही, हे सांगायला नकोच. १५७० मध्ये पोर्तुगीजांनी सुलतान हैरूनला दगा करून मारलं. त्याच्या मुलानं, बाबुल्लानं, त्यांच्या किल्ल्याला वेढा घातला आणि १५७५ मध्ये त्यांना बेटावरून हाकललं. खरेदीखत लिस्बनच्या पेटीत तसंच राहिलं असेल.

आणि आपल्याकडे? १५८० मध्ये पोर्तुगालची गादी रिकामी झाली आणि साट्यालोट्याच्या हिशेबानं ती स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे गेली. म्हणजे साठ वर्षं गोवा, चौल आणि वसईवर मुळात स्पेनचा राजा होता. १५९४ मध्ये निजामशाहीकडून कोर्लईचा डोंगर घेताना पोर्तुगीज लढले ते त्याच्याच नावानं. १६४० मध्ये पोर्तुगाल फुटून निघाला, युद्ध पेटलं, आणि स्पेनशी लढायला इंग्रजांची फौज हवी म्हणून १६६१ मध्ये राजकन्या कॅथरिन इंग्लंडच्या राजाला दिली. तिच्याबरोबर आंदण गेलं तांजिअर आणि आपली मुंबई. स्पेननं पोर्तुगालचं स्वातंत्र्य मान्य केलं १६६८ मध्ये. त्याच वर्षी इंग्लंडच्या राजानं मुंबई वर्षाला दहा पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. चर्चगेटला गाडीतून उतरताना मला कधीकधी तोर्देसियास आठवतं ते असं.

मोजणीच्या दिवशी मी हे सगळं मामाला सांगायला गेले. त्यानं मोसंब्यापर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे तुझ्या मते झाड त्यांचं?"

त्या दिवशी एवढंच ठरलं की फेरमोजणी होईपर्यंत झाडाला कुणी हात लावायचा नाही. यावर दोन्ही मामांचं जितकं झटकन एकमत झालं तितकं गेल्या चाळीस वर्षांत कशावरच झालं नसेल. कळ्या तेव्हा हिरव्या होत्या. लवंग म्हणजे न उमललेली कळी; हिरवी गुलाबीवर आली की दोन-चार दिवसांत खुडायची, चटईवर उन्हात तपकिरी होईस्तोवर वाळवायची. एकदा फुलली की संपलं, बाजारात तिला कुणी विचारत नाही.

परवा मामीचा फोन आला. "अगं, अख्खं झाड फुललंय. दिसतंय मात्र छान."

"मग आता?"

"आता काय, पुढल्या वर्षी." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुझ्यासाठी मूठभर आधीच काढून ठेवल्यात गं. पलीकडच्या वहिनींनीही काढल्यात म्हणे."